होडी माघारी वळली पाहिजे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीससाहेबांनी पत्र पाठवून मला विचारले की, कार्यक्रमपत्रिकेवर भाषणाचा विषय काय छापावा? मी कळविले, "शिडाच्या होडीतून पाण्यात पडलेल्या माणसाला परत कसे घ्यावे." त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "विषय चांगला आहे साहेब, पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला शिडाच्या होडीचे काय सांगावे? आपल्याकडे समुद्र म्हणून जे काही आहे, तो कंधारचा जगत्तुंग समुद्र. आणि तोही राष्ट्रकूट राजांच्या काळचा तलाव. समुद्राशी आपल्या घराण्यांचा संबंध आला तो हजच्या निमित्ताने. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाजे जात होती, आणि आपल्यापैकी काहींचे आजी-आजोबा त्या जहाजांनी हज करून आले. जहाजावर गळ्यात लाइफ जॅकेट अडकवून सगळ्यांना रांगेत उभे करीत, ही आठवण त्यांनी घरी सांगितलीही असेल.

तरीही मी हा विषय बदलला नाही. त्याचे कारण तुम्हाला सांगतो.

1978 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांदेडला गोदावरीच्या घाटावर आम्ही दहा-अकरा मुले पोहायला गेलो होतो. पोहायला म्हणजे काय, निम्म्या मुलांना पोहता येत नव्हते. भोयांची एक जुनी होडी काठाला बांधलेली होती. ती आम्ही सोडली, एका काठीला चादर बांधून तिचे शीड केले आणि वारा कसा भरतो याची मजा पाहू लागलो. होडी काठापासून जरा आत गेली. एक मुलगा चादर सावरायला उठला, त्याचा तोल गेला आणि तो पाण्यात पडला. तो आमच्याच वर्गातला होता. त्याचे नाव मी आज इथे घेत नाही. त्याच्या घरचे लोक अजून आहेत.

आम्ही सगळे एकदम ओरडलो. दोघे रडू लागले. एकाने चादर ओढून काढली. होडी वाऱ्याने आणि प्रवाहाने पुढेच जात राहिली. ती काठाला कशी लागली हे मला आजही आठवत नाही. आम्ही पळत जाऊन भोई काकांना बोलावून आणले. ते धावत आले, अंगातला सदरा काढला आणि त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "कुठं पडला?"

मित्रांनो, आम्ही दहा जणांनी दहा ठिकाणी बोट दाखविले.

त्या काकांनी पाण्यात किती बुड्या मारल्या त्याला हिशेब नाही. तो मुलगा सापडला, पण फार उशिरा. आमच्यातल्या एकाने, फक्त एकाने, त्या जागेवरची नजर हलविली नसती, तर काय झाले असते ते अल्लाह जाणे. पण तो प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

पुढे मी नौदलात खलाशी झालो. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी नौदलाची शाळा आहे, तिथे माझे पहिले शिक्षण झाले. तिथे व्हेलर नावाच्या होड्या असत. सत्तावीस फूट लांब, वल्ह्यांनीही चालणाऱ्या आणि शिडानेही. एके दिवशी आमच्या शिक्षकांनी बादलीला जुने लाइफ जॅकेट बांधले आणि होडी चालू असताना ती पाण्यात फेकून दिली. मग मोठ्याने ओरडले, "माणूस पडला! घ्या त्याला परत!"

त्या सरावात मला जे काम मिळाले ते मला फार हलके वाटले. शिक्षक म्हणाले, "तू शिडाला हात लावायचा नाहीस. दोरीला हात लावायचा नाहीस. तू फक्त हात लांब करून त्या बादलीकडे बोट दाखवत राहा. होडी कशीही फिरो, तुझे बोट बादलीवरून हलता कामा नये."

आपल्या मराठीत गंमत अशी की, होडीलाही बोट म्हणतात आणि हाताच्या बोटालाही बोटच म्हणतात. त्या दिवशी मला कळले की, पहिले बोट दुसऱ्या बोटावर चालते.

आणि मी चुकलो. होडी वळताना शीड फडफडले, म्हणून मी क्षणभर मान वळवून वर पाहिले. परत पाण्याकडे पाहिले, तर बादली नाही! हात तसाच लांब होता, पण कशाकडे दाखवितो आहे हे मलाच माहीत नव्हते. शिक्षक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मेला तो." मला तिथे गोदावरीचा घाट दिसला.

हिशेब सोपा आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. शिडाची होडी ताशी सहा सागरी मैल वेगाने चालली असे धरा. हा वेग सुमारे अकरा किलोमीटरचा, म्हणजे रमतगमत जाणाऱ्या सायकलीचा. तरी ती होडी एका सेकंदात तीन मीटर पुढे जाते. अर्ध्या मिनिटात नव्वद मीटर, आणि एका मिनिटात जवळजवळ दोनशे मीटर. पाण्याबाहेर राहते ते फक्त माणसाचे डोके. ते नारळाएवढे दिसते. मीटरभर उंचीची लाट मध्ये आली की तेही दिसेनासे होते. म्हणून सगळ्या देशांचे खलाशी पहिला नियम हाच शिकवितात: जो पडताना पाहील त्याने ओरडायचे, तरंगणारे जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकायचे, आणि एकाने नजर व बोट त्याच्यावरच ठेवायचे.

आता होडी माघारी कशी वळते ते सांगतो, कारण विषयाचा गाभा तोच आहे. मोटारीला ब्रेक असतो, होडीला नसतो. शिडाच्या होडीची दुसरी अडचण अशी की, ती वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. जशी अवघड घाटात गाडी सरळ चढत नाही, रस्ता वळणे घेत घेत वर जातो, तशी ती वाऱ्याच्या दिशेने तिरकी-तिरकी जाते. त्यामुळे माणूस पडला की घाबरून सुकाणू भलतीकडे मरगळून चालत नाही. सुकाणूवाला आधी वाऱ्याला आडवा होऊन होडीच्या चार-सहा लांबीइतका पुढे जातो, मग नाळ वाऱ्यातून फिरवितो, शीड दुसऱ्या बाजूला घेतो आणि माघारी येतो. वरून पाहिले तर पाण्यावर इंग्रजी आठाचा आकडा काढल्यासारखे दिसते. दुसरी एक रीत अशी की, माणूस पडताच होडी लगेच वाऱ्याकडे वळवायची, तिचा वेग मोडायचा आणि त्याच्याभोवतीच फिरत राहायचे. दोन्ही रीतींत हेतू एकच: त्याच्यापासून लांब जायचे नाही.

परत येताना तो कोणत्या बाजूने गाठायचा, यालाही महत्त्व आहे. वारा पाठीशी घेऊन त्याच्यावर आलात, तर होडी थांबत नाही; ती उतारावरच्या बिनब्रेकच्या सायकलीसारखी त्याच्या अंगावरून जाईल. म्हणून थोडे खालच्या अंगाने येऊन, वाऱ्याकडे तिरके तोंड करून त्याच्याकडे जायचे. अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडली की शीड नुसते फडफडते आणि होडी मंदावते. दोरी जरा ओढली की पुन्हा थोडी पुढे सरकते. असे करीत करीत त्याच्या शेजारी अलगद थांबायचे. होडीला इंजिन असेल, तर तो जवळ आल्यावर पंखा बंद. वाचवायला गेलेल्या होडीच्या पंख्यानेच माणूस कापला जाऊ शकतो, हे कधीही विसरू नये.

इथपर्यंत आल्यावर नवख्या माणसाला वाटते की काम झाले. खरे कठीण काम तिथून सुरू होते. माणूस होडीला टेकला आहे, तुमचा हात त्याच्या हाताला लागला आहे, पण त्याला वर घेता येत नाही. भिजलेले कपडे, गळून गेलेले अंग आणि होडीची उंच, गुळगुळीत बाजू. होडीत दहा माणसे असली तरी वाकून हात पोहोचतात ते दोघांचे. म्हणून आधी त्याला दोराच्या फाशात काखेतून अडकवून घेतात, म्हणजे तो पुन्हा निसटणार नाही. मग शिडी लावतात, कप्पीने ओढतात, किंवा शिडाचाच कपडा झोळीसारखा पाण्यात सोडतात आणि त्यात त्याला लोळवून वर घेतात. जो फार वेळ पाण्यात राहिला आहे, त्याला शक्य तोवर आडवाच वर घ्यावा. पाण्याचा दाब अंगावरून एकाएकी गेला, तर उभ्याने ओढलेल्या माणसाचा रक्तदाब कोसळतो आणि हाती आलेला माणूस हातात जातो. 1979 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळ फास्टनेट नावाच्या शिडाच्या शर्यतीत वादळाने 15 खलाशांचे प्राण घेतले. त्यानंतर दोर, पट्टे आणि माणसाला वर घेण्याच्या साधनांबद्दल जगभर फार विचार झाला.

आणि होडीत दुसरा कोणी नसेलच तर? गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची शिडाची नौका बांधली गेली. तिच्यातून आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. एकटा खलाशी पाण्यात पडला, तर त्याची होडी माघारी वळत नाही. भरलेल्या शिडांनी ती आपल्या वाटेने निघून जाते. म्हणून एकटा खलाशी स्वतःला पट्ट्याने होडीशी बांधून ठेवतो, आणि आमचे शिक्षक सांगत तसे, एक हात कामासाठी आणि एक हात स्वतःसाठी ठेवतो. दुसरे अभिलाष टॉमी. 2018 च्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेस, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ बंदरापासून सुमारे 1900 सागरी मैलांवर, वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. ते पाण्यात पडले नव्हते, पण उठून बसण्याचेही बळ त्यांच्यात नव्हते. भारताच्या विमानाने त्यांची नौका शोधली, ऑस्ट्रेलियाच्या केंद्राने सूत्रे हलविली आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने आपली वाट सोडून तिकडे जाऊन त्यांना उचलले. एका माणसासाठी तीन देशांनी आपले बोट त्या एका ठिपक्यावर रोखून धरले. पुढे त्याच टॉमींनी 2023 साली तीच शर्यत पुरी केली आणि दुसरा क्रमांक मिळविला. उचलून घेतलेला माणूस पुढे काय करील हे उचलताना कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची एक गोष्ट यापेक्षा जुनी आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा रेवसचे कोळी आपल्या होड्यांतून मासे घेऊन मुंबईकडे निघाले होते, असे सांगतात. त्यांनी मासे पाण्यात फेकून दिले आणि त्या जागी माणसे घेतली. पोट ज्याच्यावर भरते तोच माल फेकून देऊन होडी मोकळी करणे, याला हिंमत लागते. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला दुसऱ्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हाही आसपासच्या बोटी वळून धावल्या. मोठी मदत मागाहून येते. जीव वाचतो तो जवळ असलेल्याच्या हाताने.

आता आपल्या पाण्याकडे या. जहाजातून पाण्यात गेलेल्या माणसाचा सर्वांत मोठा किस्सा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे: हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा. त्यांना अल्लाहच्या हुकमाने माशाने गिळले आणि जिवंत किनाऱ्यावर सोडले. तो मोजिजा होता. आपण सामान्य माणसांनी मोजिजाची वाट पाहायची नसते. आपण दोर फेकायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतली फार थोडी समुद्रातली. बाकीची आपल्यासारखीच: नदीतली, विहिरीतली, तळ्यातली. आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते. त्याला श्वासच पुरत नाही, तो ओरडणार कसा? काठावर बसलेल्या मंडळींना वाटते, पोरगं खेळतंय. मिनिटाच्या आत सगळे संपलेले असते. म्हणून मुले पाण्यात असतील, तर एका मोठ्या माणसाचे डोळे त्यांच्यावर असलेच पाहिजेत. आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी. मित्र पाण्यात पडला, तर त्याच्यामागे उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. आपल्या भागात एकामागून एक असे सख्खे भाऊ गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आधी ओरडा. एकाने बोट रोखून उभे राहा. दुसऱ्याने काठी, बांबू, ओढणी, बैलाचा कासरा, जे हाताला लागेल ते पुढे करा. आणि ते करताना स्वतः पालथे झोपा, म्हणजे तो तुम्हाला ओढून आत नेणार नाही. तो लांब असेल, तर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. तिसऱ्याने 112 किंवा 108 ला फोन करा. जागेवर नजर ठेवणाऱ्याने मात्र कोणी काहीही म्हटले तरी तिथून हलायचे नाही. नजर हलवायची असेलच, तर पलीकडच्या काठावरचे एखादे झाड किंवा मंदिर-मशिदीचे शिखर त्या जागेच्या सरळ रेषेत धरून मगच हलवायची.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. 2016 सालापासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे गावोगाव शेततळी झाली. पाणी साठले, बागा जगल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या तळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ चढले की चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. मघाशी मी होडीच्या गुळगुळीत बाजूचे सांगितले ना, ती हीच. काठ हाताशी आहे आणि वर येता येत नाही. म्हणून ज्याचे शेततळे असेल त्याने चारी बाजूंना मेख ठोकून, हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. जुने टायर एकाखाली एक बांधले तरी शिडी होते. एक रिकामा कॅन दोरासह काठावर टांगून ठेवावा. थोड्या खर्चाचे काम आहे. तेवढे आज घरी जाऊन करा. विहिरीवरही एक दोर कायमचा असू द्या. आणि मुलांना, मुलींनासुद्धा, पोहायला शिकवा. आपल्या वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकविले, तसे मोठ्यांच्या देखत शिकवा.

बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल, तर त्याला मडक्यावर पालथा घालू नका, पाय धरून गरगर फिरवू नका. मिठात पुरून ठेवल्याने माणूस उठतो असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. ते साफ खोटे आहेत आणि त्यापायी मोलाची मिनिटे जातात. पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्याला पाठीवर निजवून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोराने तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास द्या, आणि डॉक्टर येईपर्यंत हे थांबवू नका. हे भाषण ऐकून येत नाही, हाताने करून येते. आमच्या नौदलात बादली फेकून सराव का करीत, तर खरा माणूस पडेल तेव्हा शिकायला वेळ नसतो. एका जिवाची किंमत आपल्या दीनने काय सांगितली आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एवढे बोलून मी बसलो असतो. पण हा समारंभ शिक्षण संस्थेचा आहे, म्हणून एक गोष्ट अजून सांगतो आणि थांबतो.

मी आठवीत असताना माझे अब्बा वारले. ते मोंढ्यात हमाली करीत. घरात मी थोरला. मी शाळा सोडली आणि सायकलच्या दुकानात पंक्चर काढू लागलो. कोणाला विशेष वाटले नाही. माझ्यासारखी चार मुले त्याच वर्षी गेली होती. होडी पुढे चालली होती, वारा चांगला होता, वर्ग भरलेला होता. पण आमचे एक सर चार वेळा त्या दुकानावर आले. पहिल्या वेळी नुसते चाकात हवा भरून गेले. दुसऱ्या वेळी अम्मीला भेटले. तिसऱ्या वेळी मी तोंड चुकवून मागे लपलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "पटावरचे तुझे नाव मी अजून कापलेले नाही. रोज हजेरीला ते घेतो आणि रोज गैरहजर लिहितो." दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. दुकान संध्याकाळी चालूच राहिले, पण शाळाही चालू राहिली. फीची सोय सरांनी आणि मोहल्ल्यातल्या दोन-तीन जाणत्यांनी केली. त्यांची नावे मला कितीतरी वर्षांनी कळली.

तेव्हा मला कळले नव्हते. व्हेलरवर बादलीकडे बोट दाखविताना कळले. सर माझ्यावरून नजर हलवायला तयार नव्हते.

आपल्या कौमची किती मुले अशी मधेच पडतात! कोणी गॅरेजात जातो, कोणी हातगाडीवर, कोणी पुण्या-मुंबईला बेकरीत. मुलगी सातवी झाली आणि पुढची शाळा लांब आहे, म्हणून घरी बसते. 2017-18 साली गोव्याहून निघालेल्या 'तारिणी' नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली; आणि आपण मुलीला तीन किलोमीटर लांबच्या शाळेत धाडायला कचरतो! बुडणारा ओरडत नाही, तसे शाळा सोडणारे मूलही ओरडत नाही. आधी सोमवारी येत नाही, मग आठवडाभर येत नाही, मग दिसतच नाही. आणि वर्षाच्या शेवटी कोणी विचारले, "कुठं पडला?", तर आपण दहा जण दहा ठिकाणी बोटे दाखवितो. पालक शाळेकडे, शाळा पालकांकडे, दोघे मिळून सरकारकडे.

म्हणून संस्थेला माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक वर्गात एक शिक्षक असा नेमा, ज्याचे काम फक्त बोट रोखून धरण्याचे असेल. मूल तीन दिवस आले नाही की चौथ्या दिवशी त्याच्या दारात जायचे. आणि ते परत आल्यावर त्याला वर घेण्याची सोय ठेवा: फी, पुस्तके, बुडालेल्या अभ्यासासाठी संध्याकाळचा वर्ग. दारापर्यंत आलेले मूल गुळगुळीत काठावरून पुन्हा घसरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. निकालाची टक्केवारी स्मरणिकेत जरूर छापा. तिच्याशेजारी एक आकडा अजून छापा: या वर्षी किती मुले पडली आणि त्यांतली किती परत घेतली.

पुढे जाणाऱ्या होडीचे कौतुक सगळेच करतात. ती कोणाला पाण्यात सोडून पुढे गेली, हे एखाद्यानेच पाहिलेले असते. तो एक जण आपल्यापैकी प्रत्येकाने व्हावे, एवढीच माझी दुआ आहे.